हिरामणचा डावा कान

चढाईला निघण्याआधी हिरामण मध्यरेषेपाशी थांबायचा, वाकून मातीला हात लावायचा आणि डाव्या तळव्याने डावा कान घट्ट दाबून धरायचा. कान दाबूनच ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू करायचा. चार-पाच वेळा म्हणून झालं की हात खाली यायचा आणि तोवर हा गडी समोरच्यांच्या अंगणात शिरलेला असायचा. बघणाऱ्यांना ती ऐट वाटे. मैदानाभोवती बसलेली माणसं त्या हाताचीच वाट बघत. हात कानाकडे गेला की शिट्ट्या सुरू. मला मात्र ती पहिल्या दिवसापासून खूण वाटली. कुणाला तरी केलेली खूण.

याचं कारण मी पंच होतो. आणि पंच होण्याच्या कितीतरी आधीपासून संशयी होतो. माझी बायको मंदा म्हणते, “तुम्ही डाळ निवडायला बसलात की आधी खडा शोधता. डाळ तुम्हाला नंतर दिसते.” सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कऱ्हाडकडून बेलापूरजवळच्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून आलो. कबड्डीच्या पंचाची परीक्षा गावाकडे असतानाच दिली होती. तेव्हा इथलं नवं शहर बरंचसं कागदावर होतं. भाताच्या खाचरांत सरकारी खुंट्या रोवलेल्या होत्या आणि मिठागरांच्या कडेने मुरमाचे रस्ते निघाले होते. ज्या गावात जावं तिथे कबड्डीचा संघ, आणि परीक्षा दिलेले पंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे माझा रविवार बहुधा कुठल्या तरी गावच्या मैदानावरच जायचा.

हिरामणचं गाव दिवाळे गावाच्या पुढे, खाडीकाठी. नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात कमीपणा माझा आहे, त्यात गावाला ओढायला नको.

उंचीने तो बेताचा होता. मांड्या मात्र अशा, की पकड करायला आलेल्या गड्याच्या दोन्ही हातांत एक मावायची नाही. लोक त्याच्या त्या मांड्यांचं कौतुक करत आणि मी त्याच्या दमाकडे कान लावून असे. इतर चढाई करणारे घसा फोडून ओरडायचे. याचा दम खालच्या पट्टीतला, रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. आणि लांब. इतका लांब, की समोरचे सात जण थकून एकमेकांकडे बघू लागत, आणि हा अजून त्यांच्या कोपऱ्यात फिरतच असे. एका माणसाच्या छातीत एवढी हवा मावतेच कशी? हा मधे कुठेतरी श्वास चोरत असणार, अशी माझी खात्री होती. मी रेषेवरून वाकून, कान पुढे करून त्याच्या मागोमाग धावायचो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

मी एक वहीसुद्धा केली होती. त्याने कान किती वेळ दाबला, मग चढाई डावीकडे केली की उजवीकडे, कुणाला शिवलं, असे रकाने. दोन हंगाम नेमाने भरले. ताळमेळ काही लागेना. गणिताच्या मास्तराने यावरून काय समजावं? खूण नाही, एवढंच. मी असा निष्कर्ष काढला की खूण फारच हुशारीची आहे.

एकदा सामना संपल्यावर तो स्वतःच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घामाने निथळत होता. “मास्तर, तुमी माझ्यावर वही लिवता म्हनं,” म्हणाला. मी चपापलो. तो हसला. “लिवा. पन माझ्या हाताकरं बघून काय गावनार? मी कुनाकरं बघतो ते बघा. समोरचा गडी डोल्यानं सांगतो, मी नाय येत. पन यायचा असला ना, का पहिला त्याच्या पायाचा आंगठा माती धरतो. डोला खोटा बोलतो मास्तर, आंगठा नाय बोलत.”

त्या दिवसापासून मी सामन्यात गड्यांचे अंगठे बघायला लागलो, आणि हिरामण म्हणतो ते शंभर टक्के खरं निघालं. मग मला नवा संशय. एवढं गुपित हा मला का सांगतो?

संशयाच्या बाबतीत तोही काही कमी नव्हता. सामन्याआधी अनवाणी सगळं मैदान फिरायचा, पायाला खडा लागला की उचलून लांब फेकायचा. पाणी प्यायचा ते फक्त त्याच्या बायकोने, चांगुणाने, घरून आणलेल्या कळशीतलं. एकदा मी विचारलं, “कुणी विष घालेल असं वाटतं का रे?” तर म्हणाला, “पान्यात काय नसतं मास्तर. पन आपल्या मनात आला का काय असंल, तं पाय जड होतात.” पुढच्या चढाईत कुठे घुसणार हे तो आपल्या कर्णधारालाही सांगत नसे. हा कर्णधार म्हणजे बळीराम. वयाने त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, आवाजाने दांडगा, आणि हिरामणवर जीव टाकणारा. गाव म्हणायचं, बळीरामने संघ बांधला आणि हिरामणने तो नावाला आणला.

आणि नाव खरंच झालं. अलिबागच्या एका स्पर्धेत त्याने एका चढाईत पाच गडी शिवले. पाचवा त्याच्या कमरेला लटकलेला असताना त्यालाही ओढत रेषेवर आणलं. मी तिथे पंच नव्हतो, पण एक मास्तर म्हणून सांगतो, तिथून आलेल्या बाराही जणांनी हाच आकडा सांगितला, तेव्हा मला मानावंच लागलं. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली. घणसोलीपासून उरणपर्यंत पोरं कमरेला त्याच्यासारखी निळी पट्टी बांधू लागली. गावच्या मंडळाच्या खोलीत एक काळा फळा होता, त्यावर गावाला ढाल मिळवून दिलेल्या खेळाडूंची नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली असत. त्यात सगळ्यात वर हिरामण.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. शिटी वाजली की प्रत्येक गडी पंचाकडे बघतो, ही साधी रीत आहे. हिरामण माझ्याकडे बघायचाच नाही. तो मान वळवून बळीरामच्या तोंडाकडे बघायचा. माझा निकाल काय, हे माझ्याकडून घ्यायची याला लाज वाटते, असं मला वाटायचं. एकदा तसं बोललोही. तो ओशाळून म्हणाला, “सवय हाय, मास्तर.” बोलता बोलता त्याने मला आपली सगळी कहाणी सांगितली होती. बापाची होडी, खाडीत मासळी कमी होत गेलेली, मग पोटासाठी डोंगरावरच्या दगडखाणीत तीन वर्षं सुरुंगाच्या टोळीत. मी ती ऐकली आणि विसरलो. ज्या गोष्टीत संशय घ्यायला जागा नसते ती माझ्या लक्षात राहत नाही.

खाडीकाठच्या पोरांच्या जमिनी गेल्या होत्या आणि रस्त्याच्या पलीकडे कारखान्यांची धुराडी उभी राहत होती. कारखान्यांना कबड्डीचे संघ हवे असत. चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी मिळे. कायमची नोकरी म्हणजे त्या दिवसांत घरावर पक्कं छप्पर. हिरामणचं लग्न झालेलं, दोन मुली, होडी विकलेली. तीस वर्षांचा गडी आणखी किती वर्षं खेळणार? नोकरी लागली तर आता, नाहीतर नाही, हे त्याच्याइतकंच सगळ्या गावालाही ठाऊक होतं.

अशात वाशीला एक मोठी स्पर्धा झाली. अंतिम सामना हिरामणच्या गावाचा आणि रसायनांच्या एका कारखान्याचा. सामन्याच्या आठ दिवस आधी मी वाशीच्या नव्या दुकानांकडे गेलो होतो. तिथे एका हॉटेलात त्या कारखान्याचा सफारीवाला क्रीडा अधिकारी आणि आपला हिरामण समोरासमोर चहा पीत बसलेले. हिरामणचे डोळे त्या माणसाच्या तोंडावर असे खिळले होते, जणू एक अक्षर सांडायला नको. मी खांबाआड उभा राहून बघितलं. माझी वही दोन वर्षं जे शोधत होती ते आज आयतं समोर आलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

अंतिम सामन्याचा पंच मीच होतो. मैदान माणसांनी फुललेलं, एका बाजूला ढोल-ताशा, खांबाखांबावर कर्णे. शेवटचं मिनिट, दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि चढाई हिरामणची. हिरामणला त्या दिवशी सर्दी झाली होती. नाक ओढत होता. त्याने माती शिवली, कान दाबला आणि निघाला. मी रेषेवर, त्याच्यापासून चार हातांवर. मला ‘कबड्डी’ ऐकू येईना. ओठ हलत होते. ताशा थांबला, लोक श्वास रोखून बसले, तरी काही नाही. डाव्या कोपऱ्यात त्याने एकाला शिवलं, वळताना दुसऱ्याला. मी शिटी फुंकली. तो थांबला नाही. मी पुन्हा फुंकली. तो तसाच मध्यरेषेवर आला, दोन बोटं वर केली आणि हसत बळीरामकडे बघितलं.

“दम ऐकू आला नाही,” मी म्हणालो. “चढाई रद्द. एक गुण समोरच्या संघाला.”

हिरामणचं हसू उतरलं ते मला बघून नाही, बळीरामचा चेहरा बघून. बळीराम माझ्यावर धावून आला. भांडण झालं, माणसं आत आली, पण नियम तो नियम. दम स्पष्ट ऐकू आला पाहिजे. गाव एका गुणाने हरलं. हिरामण मैदानाच्या मधोमध उभा राहून नुसता एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

इथवर माझी चूक नव्हती. चूक त्यानंतर झाली. मैदानाबाहेर बळीराम रडकुंडीला येऊन मला म्हणाला, “मास्तर, असा कसा झाला? त्याचा दम कदी गेला नाय.” मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, “बळीराम, आठ दिवसांपूर्वी मी त्याला त्यांच्या साहेबाबरोबर चहा पिताना पाहिलंय. यावरून काय समजायचं ते तू समज.”

एवढंच बोललो. आरोप केला नाही. संशयी माणूस आरोप करत नाही, तो फक्त दुसऱ्याला समजायला सांगतो. मी घरी पोचण्याआधी ही गोष्ट गावात पोचली होती, आणि पुढच्याच आठवड्यात हिरामणला त्या कारखान्यातून वैद्यकीय तपासणीचं बोलावणं आलं. मग बोलायला काही उरलंच नाही. हिरामणने नोकरीसाठी सामना सोडला, हे गावातलं शेंबडं पोरदेखील सांगू लागलं. मंडळाच्या खोलीतल्या फळ्यावरचं सगळ्यात वरचं नाव कुणीतरी ओल्या फडक्याने घासून काढलं.

पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. कबुली घ्यायला गेलो होतो, उगाच दुसरं काही सांगत नाही. हिरामण ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून जाळं सांधत बसला होता. मी तीन हाका मारल्या. मान वळली नाही. म्हटलं, आता हा माझ्याशी बोलणारही नाही. तेवढ्यात सुपात जवळा घेऊन चांगुणा मागल्या अंगणातून आली. तिने मला पाहिलं, ओट्याखालच्या ढिगातली एक शिंपली उचलली आणि नवऱ्याच्या पुढ्यात जाळ्यावर टाकली. त्याने वर बघितलं. तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

“या, मास्तर,” तो उठून म्हणाला. राग नव्हता.

मी बसलो, पण माझं लक्ष त्या शिंपलीत अडकलं. बाई नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, ही आमच्याकडचीही रीत. म्हणून ती शिंपली गावात कुणाच्या डोळ्यांवर आली नसावी. पण मंदाही माझं नाव घेत नाही, म्हणून ती मला काही फेकून मारत नाही. ‘अहो’ म्हणते. ‘अहो’ म्हणायला नाव कशाला लागतं? चांगुणा आत चहा करायला गेली, हिरामण जाळं गोळा करायला पाठमोरा वाकला, आणि मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते.

मी साध्या आवाजात म्हणालो, “हिरामण, तू सामना सोडलास.”

त्याची बोटं गाठी उकलत राहिली.

मी एक पाऊल पुढे गेलो. “नोकरीसाठी तू गाव विकलंस.”

तो जाळ्याची घडी घालत होता. त्याने ती नीट केली, हाताने दाबली. माझ्या मागे कपबशी वाजली. वळून बघतो तर उंबऱ्यात चांगुणा उभी. चहा बशीत सांडलेला.

“मास्तर,” ती म्हणाली, “त्यांना नाय आयकू येत. माझ्या कानांना येतं.”

त्या बाईने मला त्या वेळी चार शिव्या दिल्या असत्या तर मी हलका झालो असतो. तिने बशीतला चहा कपात ओतला आणि कप माझ्या हातात दिला.

मग हिरामणने स्वतःच सांगितलं. खाणीत एक सुरुंग वेळेआधी उडाला, तेव्हाच डावा कान गेला. उजवा थोडा थोडा करत जात होता. हे चांगुणाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. “कान दाबला का आपला आवाज डोक्यात घुमतो,” तो म्हणाला. “तेवढा एकदा लावून घेतला, का मंग छातीत आवाजाची धरधर लागते. तिच्यावर चालतो. त्या दिशी सर्दीनं डोका भरलावता. छातीत लागत व्हता, म्हटला बाहेर पन जात असंल.” थोडं थांबून म्हणाला, “तुमची चूक नाय, मास्तर. नसंल आला आयकू.”

ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्याला मी आवाज ऐकू येत नाही म्हणून बाद केलं होतं. आणि शिटीला तो थांबला नाही, याला मी माज समजलो होतो. बळीरामच्या तोंडाकडे बघणं, साहेबाच्या ओठांवर खिळलेले डोळे, सगळं आता माझ्यासमोर रांगेने उभं राहिलं. वहीत दोन वर्षं मी सगळे रकाने आखले, एवढा एक आखला नाही.

“मी उद्याच बळीरामला सांगतो,” मी म्हणालो. “मंडळाला लिहून देतो.”

हिरामणने माझा हात धरला. पकड काय असते हे मला त्या दिवशी कळलं. “काय लिवनार? हिरामन बहिरा हाय? कालच तपासनी झाली, मास्तर. डाक्टर पाठीमागं उभा राहून हलू हलू आकडं बोलला. समोर औषधाचा काचंचा कपाट व्हता. काचंत त्याचा तोंड दिसत व्हता. सगलं बरोबर सांगितला मी.” हे सांगताना त्याला हसू आलं, मग गेलं. “तुमी गावात बोलनार, गावाचीच पोरं कारखान्यात हायेत. चार दिवसांत तिकरं पोचंल. नाव गेला तं गेला. नोकरी जायला नको. पोरी हायेत.”

मी शपथ घ्यायला लागलो, तर म्हणाला, “शपथ नको. तुमी सवताच्या शपथंवर पन शक घ्याल.” आणि निघताना, ओट्याच्या पायरीवर: “मास्तर, शक म्हंजे मीठ. जेवनात लागतो. पन तुमी नुसता मीठच खाता.”

चहाची गोष्ट गावात मीच नेली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. माझी छाती झाली नाही. चांगुणाच्या नजरेवरून वाटलं, तिला ते माहीत असावं.

हिरामण त्या कारखान्याकडून पाच वर्षं खेळला. तीनदा ढाल आणली. सामन्यात मी पंच असलो की त्याची चढाई सुरू होताना मी त्याच्यासमोर उभा राहायचो आणि आवाज पडला तर हाताचा पंजा जरा वर करायचो. तो आवाज चढवायचा. हे नियमात बसतं का? नाही बसत. मी पंच म्हणून केलेली ही एकच लबाडी, आणि ती करताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं नियम पाळून कधी वाटलं नाही. मग त्याचा गुडघा गेला आणि तो गोदामात कामाला लागला. आता मला दुसरीच भीती. कारखान्यात भोंगा वाजला, मागून गाडी आली, तर? एकदा तसं म्हटलं तर म्हणाला, “सगली पलाली का मी पन पलतो.”

गावाने त्याला वाळीत टाकलं नाही, पण पालखीला खांदा द्यायला कुणी बोलवत नसे. बळीराम समोरून आला तर मान वळवायचा. मैदानाजवळून जाताना नवी पोरं काहीबाही बोलायची. एकदा मी त्याच्याबरोबर चालत होतो, मला ते ऐकवेना. मी म्हणालो, “एका परीनं बरंय हिरामण, तुला हे ऐकू येत नाही.” तो म्हणाला, “आयकू नाय येत. पन तोंडा वाचता येतात ना, मास्तर. त्याला काय करू?”

मी गप्प होतो. त्याच्या नोकरीसाठी गप्प होतो, असं मनाला सांगायचो. पण इतरांच्या पोटातलं ओळखायची सवय लागलेला माणूस स्वतःला किती दिवस फसवणार? त्याचं गुपित फुटलं तर माझंही फुटणार होतं. माझ्या गप्प बसण्यात त्याची नोकरी किती आणि माझी अब्रू किती, याचा हिशेब गणिताच्या मास्तराला जमला नाही.

अंतिम सामन्याला आठ वर्षं झाली होती. एका सकाळी हिरामण सायकलवरून पहिल्या पाळीला चालला होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मागून टँकर आला. चहाच्या टपरीवरच्या लोकांनी सांगितलं, टँकरवाला लांबून हॉर्न वाजवत होता, सारखा वाजवत होता. सायकल बाजूला झाली नाही.

अंत्ययात्रेतच कुजबुज सुरू झाली. एवढा हॉर्न वाजतो आणि माणूस हलत नाही? आपणहून गेला. केलेलं मनाला खात असणार. सामना सोडला त्याचं पाप. ही कुजबुज मला नवी नव्हती. ती माझ्याच घराण्यातली. पण चांगुणाकडे बघवत नव्हतं. नवरा गेल्याचं दुःख लोक तिला धड करू देत नव्हते. आपणहून गेला म्हटलं की बायको-पोरींना टाकून गेला, असाच त्याचा अर्थ.

दहाव्याला खाडीवर सगळं गाव जमलं होतं. पिंड मांडला आणि कावळा लगेच शिवला. माणसं जरा हिरमुसलीच. हिरामणच्या मनात काही राहिलं नव्हतं. त्याला काही सांगायचं नव्हतं. सांगायचं मला होतं. चांगुणा दोन्ही मुलींना धरून बसली होती. तिने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, “आता बोला, मास्तर. आता कुनाची नोकरी?”

मी उभा राहिलो. मग सगळं सांगितलं. सुरुंग, कान, काचेचं कपाट, शिंपली. हॉर्न त्याला ऐकू गेलाच नाही, तो आपणहून गेला नाही, आणि सामनाही त्याने सोडला नव्हता. आणि चहाची गोष्ट बळीरामच्या कानात कुणी घातली, तेही सांगितलं.

बळीराम खाली चिखलाकडे बघत होता. “शिटी वाजली का माझ्या तोंडाकरं बघायचा,” तो शेवटी म्हणाला. “माना वाटायचा, विचारतो, दादा, भांडू का?” मग त्याने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच दांडगा होता. “मास्तर, तुमी त्या दिशी दोन शब्द बोललात, आमी लगेच आयकला. हे बोलायला आठ वर्सं?”

त्या रविवारी मी शिटी पंच मंडळाच्या कचेरीत नेऊन दिली.

दोन वर्षांनी गावची स्पर्धा होती. मंदा म्हणाली, जाऊन या, तर गेलो आणि बघ्यांत मागे बसलो. मंडळाच्या खोलीतला फळा दारातून दिसत होता. सगळ्यात वरचं नाव नव्या रंगाने लिहिलेलं. गावच्या संघाची चढाई आली. एक कोवळा गडी मध्यरेषेपाशी थांबला, त्याने माती शिवली आणि डाव्या तळव्याने डावा कान दाबला. मग दुसरा गेला, त्यानेही. तिसऱ्यानेही. बळीराम आता त्यांना शिकवायचा. चांगुणा कळशी घेऊन कडेला बसली होती.

मध्यंतरात नवा पंच माझ्याकडे आला. ठाण्याकडचा, तरतरीत, खिशात वही. माझ्या शेजारी वाकून हळूच म्हणाला, “सर, तुम्ही या पट्ट्यात जुने. ही सगळी पोरं कान का दाबतात हो? मला तर काहीतरी खूण वाटते.”

मी त्याच्या वहीकडे बघितलं आणि त्याला म्हटलं, “बस इथे. सांगतो.”